पोलिओ, पन्नाशी आणि 'इतकी वर्षं केलंस की!'

वेणू_कोरेगाव

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझा जन्म १९७१ चा. दीड वर्षाची असताना ताप आला, डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी उजवा पाय उचलेना, असं आई सांगायची. माझ्या पिढीतल्या पोलिओच्या कितीतरी घरांत हीच हकिगत ऐकू येते. पोलिओच्या तापात स्नायूत सुई टोचली तर लकव्याचा धोका वाढतो, हे मला फार पुढे कळलं. पल्स पोलिओ तर १९९५ चा, तोवर आम्ही लग्नं होऊन सासरी नांदत होतो.

उजव्या पायाला कॅलिपर आहे, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा. घरात तो काढला की मांडीवर हात दाबत चालते. सासर मोठं. भाकऱ्या, धुणं, पाहुणेरावळे, गौरीजेवणाला तीस-पस्तीस पानं, पुरण शिजवण्यापासून कटाच्या आमटीपर्यंत सगळं केलं. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात, "हिचा पाय अधू, पण कामात कधी कमी पडली नाही."

गेल्या काही वर्षांत चांगला पायच दुखायला लागला. कुकर उचलताना खांद्यातून कळ येते. दुपारी अशी ग्लानी येते की बोलायचंही नको वाटतं. थंडीत पाय जांभळा पडतो आणि तासन्‌तास गार राहतो. थायरॉईड झालं, बी-१२ झालं, हिमोग्लोबिन झालं, सगळे रिपोर्ट बरे. शेवटी पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं, हा पोस्ट-पोलिओ. पोलिओत काही नसा मरतात, वाचलेल्या नसा शेजारच्या पोरक्या स्नायूंचाही भार घेतात. तीस-चाळीस वर्षं दुप्पट-तिप्पट राबून मग त्या हळूहळू मागे पडतात. यावर नेमकं औषध नाही. दमायच्या आधी बसायचं, ताकद राखून वापरायची, एवढंच.

घरात सांगितलं तर उत्तर आलं, "इतकी वर्षं केलंस की! आता वय झालं, सगळ्यांचंच होतं." घरात कुणीही वाईट नाही, हे आवर्जून लिहिते. मिस्टर एसटीतून निवृत्त आहेत, मुलगा बँकेत, सून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, सासूबाई त्र्याऐंशीच्या.

माझी अडचण अशी की मला अजून जमतं. चपाती लाटता येते, म्हणून मी लाटावी असं सगळ्यांना वाटतं. लाटल्यावर दुपारपर्यंत मी आडवी असते, ते त्या चपातीत कुणाला दिसत नाही. पाय नसताच तर कुणी सांगितलं नसतं, असंही कधी कधी मनात येतं. हे घरच्यांना कसं सांगायचं? आणि कामं वाटायची तर कुठून सुरुवात करायची? गौरी तोंडावर आल्यात.

मुग्धा_ओटी

वेणूताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणात किंवा अपंगत्वात रोजची कामं कशी करायची ते शिकवते. तुम्ही लिहिलंय ते पोस्ट-पोलिओच्या बायकांकडून सतत ऐकते, आणि "जमतं हीच अडचण" हे फार नेमकं सांगितलंत.

आधी एक कसोटी. काम जमलं की नाही हे काम संपल्यावर ठरवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवा. रात्रीची झोप होऊनही थकवा, दुखणं तसंच असेल तर आदलं काम जास्त झालं. घरच्यांनाही हेच मोजमाप द्या. "मला होत नाही" म्हटलं की समोरचा वाद घालतो. "काल चपात्या आणि भांडी दोन्ही केलं, आज उठता येत नाहीये" यावर वाद घालायला जागा राहत नाही.

आता ओटा. आपल्याकडचे ओटे साधारण ३२ ते ३४ इंच उंच असतात, उभ्या माणसासाठी. तुम्ही बसून काम करायचं तर दोन वाटा. एक, पाठ असलेलं उंच स्टूल आणि पायाखाली टेकायला काहीतरी भक्कम. लोंबकळता पाय नको, त्याने कंबर जाते. पण उंच स्टुलावर चढउतार करताना तोल जात असेल तर ही वाट सोडा. दोन, २८ ते ३० इंच उंचीचं टेबल, खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा, आणि लाटणं, चिरणं, मळणं तिथे. कॅलिपरचं गुडघ्याचं लॉक काढून बसा, ताठ पाय पुढे काढून बसलात तर टेबल लांब पडतं आणि सगळा भार पाठीवर येतो.

कुकर भरून उचलायचाच नाही. रिकामा कुकर शेगडीवर ठेवा, पाणी तांब्याने तिथेच ओता, डाळ-तांदळाचे डबे एकेक करून आत सोडा. उतरवतानाही तसंच, वाफ गेल्यावर आधी डबे बाहेर. कढई ओट्यावरून सरकवत न्यायची. पिंपातून बादली काढायची नाही.

आणि कॅलिपर किती जुना आहे? लोखंड-चामड्याचा असेल तर आता प्लास्टिकचे पुष्कळ हलके मिळतात. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे एकदा दाखवून या.

वाईकर_आबा

राग मानू नका. माझं वय ७६. हालचाल थांबली की माणूस खुंटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी थोरली बहीण गुडघ्याचं निमित्त करून बसली ती बसलीच. पुढे अंथरुणालाच खिळली. त्यामुळे कामं सोडा हा सल्ला देताना दहादा विचार व्हावा असं वाटतं. बाकी ताईंच्या कष्टांबद्दल आदरच आहे.

मुग्धा_ओटी

आबा, गुडघेदुखीला तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, तिथे मी स्वतः उठवून चालवते. इथे बिघाड सांध्यात नाही, नसेत आहे. जी नस आधीच चौघींचं काम एकटी करते तिला आणखी राबवलं तर ताकद वाढत नाही, घटते. हलका व्यायाम वेणूताईंनाही हवाच, पण थकवा येण्याच्या अलीकडे थांबणारा. त्यातही वाचलेली ताकद चालायला, मनासारखं काही करायला उरली तर व्यायाम होईल ना. सगळी भांड्यात गेली तर कशी उरेल?

शमिका

मला आमवात आहे, दहा-बारा वर्षं झाली. तुमच्याकडे निदान कॅलिपर दिसतो, माझं काहीच दिसत नाही. सकाळी तासभर बोटं उघडत नाहीत. त्याच तासात घरातले डबे. अकरा वाजता हात मोकळे होतात आणि मी बरी दिसते, म्हणून सकाळचं कुणाला खरं वाटत नाही. दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत संधिवाताचं वेगळं नाव नाही. सांध्याची हालचाल बरीच गेली तर अस्थिव्यंगात दिव्यांगत्वाचे टक्के मिळतात, म्हणजे हात वाकडे होईपर्यंत थांबायचं.

मी काय केलं ते सांगते. डब्याचा स्वयंपाक रात्रीवर नेला. सासूबाईंना शिळं चालत नव्हतं, पुष्कळ बोलणी खाल्ली. मग त्यांच्यापुरती ताजी भाकरी माझा नवरा सकाळी करू लागला. पहिल्या महिन्यात जाड, कच्च्या, नकाशासारख्या होत होत्या, त्यांनी मुकाट्याने खाल्ल्या. मुलाच्या हातचं खाताना तक्रार होत नाही, हे मला त्या वेळी कळलं.

भांडं बोटांनी धरून उचलू नका, दोन्ही तळहातांवर पेलून उचला. कपडे पिळायचे नाहीत, मशीन नसेल तर नळाला अडकवून निथळत ठेवा.

धाकटी_सून

हा धागा वाचून झोप लागली नाही, म्हणून लिहितेय. कडू वाटेल.

मी वेणूताईंच्या सुनेच्या जागी आहे. माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली. त्यांना "तुम्ही बसा" म्हणायला घरात पाच माणसं आणि त्या बसल्यावर उठायला मी एकटी. त्यांचं करण्याबद्दल तक्रार नाही. त्या मला लेकीसारखं वागवतात, आंघोळ घालताना संकोचाने रडतात, तेव्हा मलाही रडू येतं. पण घरून काम करते म्हणजे मी घरीच असते, हे सगळ्यांनी धरून चाललंय. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून भाजी निवडते. माझा नवरा आईचा जीव की प्राण आहे, रोज तिच्याजवळ बसतो, डोक्यावरून हात फिरवतो. उठताना चहाचा कप मात्र तिथेच ठेवून जातो.

इथे सगळे सांगताहेत, कामं सोडा, वाटून द्या. वाटून कुणाला द्यायची ते कुणी लिहीत नाही. एका बाईच्या हातून सुटलेलं काम आपल्या घरांत दुसऱ्या बाईच्याच हातात पडतं.

शमिका

@धाकटी_सून, शंभर टक्के खरं.

वेणू_कोरेगाव

धाकटी, बरं झालं लिहिलंस. माझी सून काही बोलत नाही, पण सकाळी मी बसले की ती लॅपटॉप ओट्यावर आणून ठेवते, हे मला दिसतं. तिच्यावर ढकलायचं नाही, एवढं मी आधीच ठरवलंय. म्हणून तर धागा काढला.

सुभेदार_साताऱ्याचे

माजी सैनिक आहे. पाठीच्या कण्याला इजा, कमरेखाली संवेदना नाही, व्हीलचेअरवर असतो. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये राहून मग गावी परतलो.

माझ्याकडून घरी कुणी कसलीही अपेक्षा ठेवली नाही. पाण्याचा पेलासुद्धा हातात. लोकांना वाटेल सुख आहे. मला वर्षभरात वेड लागायची पाळी आली. पुरुष, त्यात फौजी, त्यात चाकाच्या खुर्चीत, म्हणजे ह्याने ओसरीवर बसून पेपर वाचायचा. बायको पहाटे चारला उठायची, कारण शेतही तिच्यावरच आलं होतं.

एके दिवशी तिच्याकडून तांदूळ मागून घेतले आणि निवडायला बसलो. मग लसूण सोलणं, शेंगा, पालेभाजी. मग ठरवलं की असं किरकोळ हातभार लावणं पुरे, रात्रीचा स्वयंपाक पूर्ण माझा. काय करायचं हे मी ठरवणार, संपलेलं सामान मी मागवणार, मी शिजवणार. नाहीतर मी भाजी चिरून द्यायचो आणि डोकं तिचंच चालू असायचं, की तेल आहे का, कोथिंबीर आणली का. वेणूताई, कामं वाटाल तेव्हा अशी अख्खी वाटा. तुमच्या मिस्टरांना 'मदत कर' सांगू नका. 'सकाळचा चहा, दूध आणि कुकर हे तुमचं' असं सांगा, आणि ते विसरले तर त्या दिवशी चहा होऊ देऊ नका. एसटीत माणूस आयुष्यभर ड्युटी चार्टवर चालतो, त्यांना कळेल.

माझ्यासारख्या कुणी हे वाचत असेल तर एक सांगतो, जिवावरचं आहे. गरम भांडं मांडीवर कधीही ठेवायचं नाही, ट्रे असला तरी नाही. मी एकदा आमटीचं पातेलं फडक्यावर ठेवून दोन खोल्या पार केल्या. काहीच जाणवलं नाही. बायकोने संध्याकाळी फोड पाहिला, ती जखम भरायला महिने गेले. गरम भांड्यासाठी चाकांची छोटी ट्रॉली घ्या आणि ती पुढे ढकला. इंडक्शन शेगडी बुटक्या टेबलावर, भांड्याचा दांडा आतल्या बाजूला.

गावातल्या बायका सुरुवातीला चुलीपाशी बसलेला पुरुष बघायला येत. आता कालवणाची कृती विचारतात.

धाकटी_सून

सुभेदारकाका, हा प्रतिसाद नवऱ्याला पाठवलाय.

स्पर्श_ठाणे

मी जन्मापासून दृष्टिहीन, बोलणाऱ्या फोनवर हे वाचते आणि लिहिते. माझ्याकडे गाडी उलट्या दिशेने आहे. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मला गॅसजवळ जाऊ देत नव्हते. प्रेमाने. "भाजशील गं." लग्नानंतर दोन वर्षं मी त्या घरात पाहुणी होते. हळदीकुंकवाला बायका सासूबाईंना विचारायच्या, "हिला काय काय येतं?" मी तिथेच बसलेली असायचे.

स्वयंपाक मी नॅबमध्ये, म्हणजे अंधांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), शिकले होते. घरी फक्त करू देत नव्हते. नणंदेच्या बाळंतपणाला सासूबाई गेल्या तेव्हा महिनाभर केलं आणि मग ते माझंच झालं. मोहरी तडतडलेली ऐकू येते, हिंग कधी घालायचा ते नाक सांगतं. पातेलं आधी बर्नरवर नीट बसवायचं, हाताने चाचपायचं, आणि मगच गॅस पेटवायचा. दुधात चकती टाकते, उकळी आली की ती खडखडते. मिठाच्या डब्याला एक रबरबँड, साखरेच्या डब्याला दोन.

सगळ्यात मोठा त्रास वस्तू हलवण्याचा. घरातल्यांना वाटतं आपण आवरून ठेवलं. माझ्यासाठी ते स्वयंपाकघर त्या दिवशी परक्याचं झालेलं असतं. सासऱ्यांनी हे सगळ्यांत आधी समजून घेतलं. ते चमचासुद्धा घेतला तिथेच ठेवतात आणि नातवंडांनाही ओरडतात.

वेणूताई, तुम्हाला कामातून सुटायचंय आणि मला कामात शिरायचं होतं, पण दोघींच्याही बाबतीत निर्णय दुसरेच करत होते.

वाईकर_आबा

या ताईंचा प्रतिसाद नातीकडून मोठ्याने वाचून घेतला. आमच्याकडे बहिणीला ती बसल्यावर कुणी काही करूच दिलं नव्हतं, हे आज आठवलं. मुग्धाताई, मागचा माझा मुद्दा अर्धाच होता.

नंदन_पुणे

कामाचं नाही, कागदाचं लिहितो, उपयोग होईल. वेणूताई, दिव्यांगत्वाचं जुनं प्रमाणपत्र असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र (स्वावलंबन कार्ड), काढून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा वर असेल आणि मुलगा किंवा मिस्टर जुन्या कररचनेत असतील तर अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के आणि वर असेल तर सव्वा लाखाची. त्यातून वाचलेल्या कराचा भांड्याच्या मावशीला हातभार लागेल, हा हिशोब घरात मांडून बघा. ग्रामपंचायत, नगरपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, तिथेही अर्ज टाका.

एक सांगून ठेवतो. टक्के पायाचे मोजतात, थकव्याचे नाही. डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा चांगला पाय आणि खांद्याचंही सांगा, नाहीतर आपल्या बायका "चालतंय" म्हणून मोकळ्या होतात.

वेणू_कोरेगाव

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. मुलाला हा धागा वाचायला दिला. त्याने तो रात्री मोठ्याने सगळ्यांसमोर वाचला, धाकटीचा प्रतिसादसुद्धा. सून उठून आत गेली. मुलगा मागून गेला आणि बराच वेळ दोघं बाहेर आले नाहीत.

मग बोलणं झालं. मी एकच गोष्ट सांगितली, टाकीतलं पाणी मोजकं आहे, ते कशाला वापरायचं हे मला ठरवू द्या. सकाळचं दूध, चहा, कुकर मिस्टरांनी घेतलं. कुकरच्या शिट्ट्या मोजताना अजून माझ्याकडे बघतात. चपात्या मुलगा आणि सून आळीपाळीने, आणि सुनेची मीटिंग असेल त्या दिवशी पोळीभाजी केंद्रातून. भांड्याला मावशी. भाजी चिरणं आणि फोडणी मी ठेवली, कारण ती मला आवडते. सुताराला २९ इंचाचं टेबल सांगितलंय.

सासूबाईंचं मन दुखावलंय, ते खोटं कशाला सांगू. त्यांना वाटतं सुनेला घरातून बाजूला काढलं. "मी तुझं एवढं कौतुक करते," म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्या, आता माझं कौतुक न केलेल्या कामासाठी करा." त्या काही बोलल्या नाहीत.

गौरीचं असं ठरलं. नैवेद्याच्या पाच पोळ्या घरच्या, त्या मी बसून लाटणार आणि मुलगा भाजणार. पंगतीच्या पोळ्या बचत गटाच्या बायकांकडून. चुलत जावांना फोन करून सांगितलं, येताना प्रत्येकीने एक भाजी करून आणा. एकीने लगेच हो म्हटलं. दुसरी म्हणाली, "मग तुमच्याकडे गौरी कशाला बसवायच्या?" तिच्याशी मिस्टर बोलणार आहेत. त्यांची वहिनी आहे, त्यांनीच बोलायला हवं.

मुग्धा_ओटी

फार छान. टेबलाचे पाय सरळ नकोत म्हणावं सुताराला, खाली किंचित पसरट हवेत. उठताना तुम्ही त्याच्यावर भार देणार, ते कलंडता कामा नये.

नवीन_सभासद_७

स्पर्शताई, तुम्हालाच विचारते. आईची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली आहे, वय ६८. आयुष्यभर स्वयंपाक केलेली बाई आता खुर्चीत बसून असते, आम्ही गॅस बंद करून ठेवतो. तिला परत ओट्यापाशी आणायचं आहे. गॅसच्या बटणावर खूण कशी करायची? नेलपॉलिशचा थेंब लावला तर टिकेल का?

स्पर्श_ठाणे

नेलपॉलिश तेलकट हातांनी घासून जातं. एम-सीलचा तांदळाच्या दाण्याएवढा कण लावा, बटण बंद असताना त्याच्या वरच्या टोकाला. आणि मागच्या पट्टीवर मंद आचेच्या जागी दुसरा. बोट फिरवलं की आच कळते. लायटर नको असेल तर बटणाने पेटणारी शेगडी घ्या.

साडी किंवा गाऊन सुती हवा, पदर खोचलेला. सुरुवात चहापासून करा, फोडणी शेवटी. पहिले काही दिवस तुम्ही जवळ थांबा, पण मध्ये हात घालू नका. त्यांनी "साखर कुठंय?" विचारलं तर डबा हातात देऊ नका, "दुसरा कप्पा, डावीकडून तिसरा" असं सांगा. आणि डबे कुठे ठेवायचे ते तुम्ही ठरवू नका. रिकामी मांडणी त्यांच्यापुढे ठेवा, त्यांच्या हातांनी त्यांना लावू द्या.